माझ्या हातात बंद पडणारा कॉम्प्युटर

आमच्या घरातला कॉम्प्युटर फक्त माझ्याच हातात बंद पडायचा. निदान घरात तसं बोललं जायचं, आणि एखादी गोष्ट रोज जेवताना बोलली गेली की ती खरी ठरायला वेळ लागत नाही. बरीच वर्षं मलाही ती खरी वाटत होती. म्हणून तर आता इतका राग येतो.

बंद पडायची त्याची रीत ठरलेली होती. दुपारची वेळ, मी टाइप करतेय. आधी आतला पंखा मोठ्याने घरघरायला लागायचा. मग माउस अडखळायचा, बाण पडद्यावर एका जागी चिकटून बसायचा, आणि काही कळायच्या आत सगळं काळं. कधी निळा पडदा यायचा, इंग्रजी अक्षरांनी गच्च भरलेला. ती वाचून होण्याआधी तोही जायचा. पुढचं काम माझं. लगेच बटण दाबायचं नाही, दाबलं तर तो अर्ध्या वाटेवर जाऊन परत डोळे मिटतो. आधी भिंतीवरचा स्विच बंद करायचा. कान लावून आतलं पातं पूर्ण थांबल्याची खात्री करायची. मग स्वयंपाकघरात जाऊन आपला चहा करायचा, तो सावकाश प्यायचा, आणि त्यानंतर स्विच. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली की नेहमीसारखं सुरू करू का, असं तो विचारणार. हो म्हणायचं. मग तो आपली डिस्क तपासत बसणार, टक्के वाढत जाणार, आणि आपण हात मांडीत घेऊन बसायचं. शेवटी फाइल उघडायची आणि किती ओळी गेल्या ते पाहायचं.

दर दोन ओळींनी सेव्ह करायची माझ्या बोटांना इतकी सवय लागली होती की मटार सोलतानासुद्धा डाव्या हाताची दोन बोटं ताटावर तीच खूण करायची. नवरा हसायचा. मीही हसायची.

कॉम्प्युटर मुळात माझ्या सासऱ्यांचा. बाबा सातपूरला एका कारखान्यात लेथ चालवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने तो घेतला. घरात यंत्र नसेल तर करमायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे हॉलमध्ये काय कुठे ठेवायचं हे बापलेकांनीच ठरवलेलं. प्लगची जागा होती ती भिंतीवरच्या देव्हाऱ्याच्या बरोबर खाली. तिथेच टेबल लागलं आणि तिथेच कॉम्प्युटर बसला. वर देव, खाली पडदा आणि पडद्याच्या शेजारी त्याचा उभा डबा. डब्याच्या डोक्यावर भोकाभोकांची जाळी होती, आतली गरम हवा बाहेर पडायला.

कारखान्यात दर दसऱ्याला बाबा आपल्या लेथची पूजा करायचे. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, पेढे. यंत्राला मान दिला की यंत्र आपला मान राखतं, हे त्यांचं ठाम मत, आणि त्यांची सगळी बोटं शाबूत होती, त्यामुळे कुणी वाद घालायचं नाही. घरात तर कॉम्प्युटर देवाच्या पायाशीच बसलेला. मग दसऱ्यापुरतं कशाला थांबायचं? रोज सकाळी देवांची पूजा झाली की ताम्हनातल्या उरलेल्या कुंकवाने भिजलेल्या अक्षता, एखादं फूल आणि चिमूटभर कुंकू त्याच्याही डोक्यावर. उदबत्ती बिघडलेल्या सीडीच्या खणाच्या फटीत बरोबर उभी राहायची. नवरात्रात तर विचारू नका. दसऱ्याला त्याला माळ, लक्ष्मीपूजनाला परत माळ. मी स्वयंपाकघरातून नैवेद्याची वाटी आणून द्यायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. माझ्या माहेरी, निफाडच्या बाजूला, बागेतल्या फवारणीच्या पंपालाही दसऱ्याला कुंकू लागतं.

मी माहेरी असताना मराठी टायपिंग शिकले होते. हात वेगात चालायचा. लग्नानंतर नाशिकमधल्या एका छोट्या प्रकाशकाचं काम मिळालं. ते गृहस्थ स्वतःच हस्तलिखितं घेऊन घरी यायचे. निवृत्त लोकांची आत्मचरित्रं, संस्थांच्या स्मरणिका, कुणाचा कवितासंग्रह, आणि श्रावण सरला की दिवाळी अंक. दिवाळी अंक म्हणजे माझा सुगीचा काळ. अंकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'अक्षरजुळणी' असं लिहून पुढे माझं नाव असायचं. तो अंक मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवायची, आणि माहेरी जाताना एक प्रत पिशवीत असायचीच.

आणि नेमकं त्याच दिवसांत कॉम्प्युटरचं अंग तापायचं. वर्षभर अधूनमधून बंद पडायचा तो दसऱ्याच्या आसपास दिवसातून कितीदा तरी पडायला लागायचा. बाबा सकाळी थोडा वेळ बसायचे, बातम्या वाचायचे, एखादं भजन ऐकायचे आणि उठायचे. त्यांच्या हातात तो कधी बंद पडला नाही. नवरा विंचूरला कंपनीत हिशेबाचं काम करतो. तो संध्याकाळी येऊन लाइट बिल भरायचा, एखादा मेल बघायचा. त्याच्याही हातात नाही. बसून बसून काम करणारी मी एकटी, आणि दुपारी तासन्‌तास चालल्यावर काळा पडायचा तो माझ्यासमोर.

बाबा वाईट माणूस नाहीत. त्यांनी पहिल्यांदा म्हटलं ते अगदी सहज, भाकरीचा तुकडा मोडता मोडता. एकेकाच्या हाताला गुण असतो, एकेकाच्या नसतो, त्यात त्याचा दोष नाही. कारखान्यातही एक जण होता, त्याने हात लावला की मशीन अडायचं. माणूस चांगला होता. नवरा मान खाली घालून भात कालवत होता. मी ताक वाढलं.

पण 'हातगुण' हा शब्द एकदा घरात आला की तो एका जागी बसत नाही. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात कैऱ्या आल्या, तेव्हा बाबा म्हणाले, यंदा बरणी शेजारच्या काकूंकडून भरून घे. मीठ लावणं, मसाला कुटणं, सगळं मी केलं, आणि बरणीत लोणचं भरायला काकू आल्या. त्या बिचाऱ्या ओशाळल्या होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. मग दह्याचं विरजण बाबा स्वतः लावायला लागले. गच्चीवरच्या कुंडीत नवीन रोप लावायचं तर नवऱ्याला हाक. कुणी ओरडलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. सगळं इतक्या प्रेमाने चाललं होतं की भांडायला जागाच नव्हती. मी आपणहून मागे सरकायला शिकले. कुणाच्या बाळाला मांडीवर घ्यायची वेळ आली की आधी मनात यायचं, नको.

हे सगळं मला जास्त लागायचं त्याला कारण आहे. माहेरी माझ्या हाताचं नाव होतं. द्राक्षाच्या रानखुंटावर चांगल्या जातीची काडी बसवून कलम बांधतात. खुंटाला चीर द्यायची, काडीला पाचर करायची, दोन्हीच्या साली एकमेकींना नेमक्या भिडवायच्या आणि पट्टी गुंडाळायची. मी शाळेत असल्यापासून बांधायची. मी बांधलेलं कलम सहसा मरायचं नाही. शेजारपाजारचे लोक वडिलांना सांगायचे, तुमच्या पोरीला जरा पाठवा आमच्या बागेत. अशी मी, आणि मला दह्याला हात लावू देत नव्हते.

एकदा न राहवून मी आईला फोनवर विचारलं, माझा हात लहानपणी कधी वाईट होता का.  ती म्हणाली, "तुझ्या हातची कलमं अजून उभी हायेत. कोण बोललं तुला?" मी म्हटलं कुणी नाही, असंच विचारलं. सासरच्या गोष्टी माहेरी सांगायच्या नाहीत हे तिनेच शिकवलं होतं.

कॉम्प्युटर फारच त्रास द्यायला लागला की नवरा एखाद्या रविवारी तो उघडायचा. घरात स्क्रूड्रायव्हर चालवणारा तो एकटाच. बाबांना लेथ कळायचा, पण याला ते हात लावायचे नाहीत. यातलं आपल्याला कळत नाही, म्हणायचे. नवरा डबा बाहेरच्या गॅलरीत न्यायचा, मधलं दार लोटून घ्यायचा. मी मदतीला गेले की म्हणायचा, तू जा, इथे धूळ उडते, तुला शिंका येतील. दाराच्या फटीतून मला त्याची पाठ दिसायची आणि ब्रशचा खरखर आवाज यायचा. रॅमची पट्टी काढून तो साध्या खोडरबरने घासायचा, तेवढं एक मला माहीत होतं, कारण रबर मलाच मागायचा. तासाभराने आत आणून चालू करायचा आणि पुढचे काही आठवडे यंत्र अगदी शहाण्यासारखं वागायचं.

त्यानंतर तो मोरीत बराच वेळ हात धुवायचा. एकदा पाणी लालसर दिसलं म्हणून मी घाबरून पुढे झाले. कापलं का, विचारलं. तो म्हणाला, नाही गं, गंज असतो आतमध्ये, जुना झालाय. मी त्याच्या बोटांना खोबरेल लावून दिलं, डाग लवकर निघावेत म्हणून.

एका वर्षी दिवाळी अंक हातचा गेला. अर्ध्याहून जास्त अंक माझ्याकडे होता आणि दसऱ्याच्या आधीच कॉम्प्युटरने मान टाकली. चालू केला की चहाचं आधण येईपर्यंत टिकायचा, मग परत काळा. मी डब्याच्या बाजूला टेबलफॅन लावला. पडद्यावर ओल्या फडक्याची घडी ठेवून पाहिली, म्हणजे किती डोकं चालेनासं झालं असेल बघा. ओळ लिहायची, सेव्ह, ओळ लिहायची, सेव्ह. दुसरीकडे जाऊन काम करावं तर माझे मराठी फॉन्ट तिथे नव्हते. पानं वेळेवर पोचली नाहीत. प्रकाशक घरी आले, उरलेली हस्तलिखितं पिशवीत भरली आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "ताई, तुमच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. पण घरच्या कॉम्प्युटरवर विसंबून अंक निघत नाही." त्यानंतर त्यांनी मला किरकोळ कामं दिली, अंक मात्र परत दिला नाही. ते गेल्यावर बाबा म्हणाले, जाऊ दे, मनाला लावून घेऊ नको, ज्याचा त्याचा हात असतो. नवरा तिथेच उभा होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तेव्हा तो हात फार मोलाचा वाटला होता.

त्याच आठवड्यातल्या रविवारी त्याने कॉम्प्युटर उघडला. आणि त्याच रविवारी, मागाहून, स्वयंपाकघराच्या खिडकीला डासांची नवी हिरवी जाळी बसवली. दोन्ही कामं एका दिवसात केली म्हणून मी त्याला आवडतात तशा पुरणपोळ्या केल्या होत्या. हे मला इतकं स्पष्ट आठवतं याचं कारण पुढे येतं.

यंदा नवरात्र संपून दिवाळी तोंडावर आली होती. एका निवृत्त शिक्षकांचं आत्मचरित्र माझ्याकडे होतं, शेवटची प्रकरणं राहिली होती. बाबा घोटीला नातलगांकडे गेले होते, नवरा विंचूरला कामावर. दुपारी पंखा घरघरला, मग करकर असा वेगळाच आवाज आला, आणि अंधार. मी स्विच बंद केला, चहा केला, प्याले, चालू केला. परत करकर, परत अंधार. शिक्षकांचं प्रकरण त्यांच्या आईच्या आजारपणावर होतं आणि ती बाई अर्ध्या वाक्यात अडकली होती.

मला एकदम संताप आला. यंत्राचाच. मी शिवणयंत्राच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर आणला. आधी मनात आलं, आपला हात लागला तर पुरता मरेल. मग म्हटलं, आता आणखी काय मरायचं राहिलंय? स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला.

आधी वास आला. देव्हाऱ्याचा. कापूर, उदबत्ती आणि शिळ्या झेंडूचा. कॉम्प्युटरच्या पोटातून देव्हाऱ्याचा वास येत होता आणि मी नाकाला पदर न लावता तशीच वाकून बघत राहिले. तळाला तांदळाचे दाणे होते, लाल, काही काळे पडलेले. झेंडूच्या सुकून कडक झालेल्या पाकळ्या. कुंकवाचा थर हिरव्या पट्टीवर, तारांवर, मधल्या पंख्याच्या पात्यांवर, धुळीत मिसळून गोठलेला. बोट लावलं तर बोट लाल झालं. मला ते लाल बोट ओळखीचं वाटलं. मोरीतल्या पाण्याचा रंग तोच होता.

तरीही तेवढ्यावर मी म्हटलं असतं की त्याला कळलं नसेल. माणूस आपल्या माणसासाठी असं काहीतरी शोधतोच. पण वर, डब्याच्या डोक्यावरच्या भोकांच्या खाली, आतल्या बाजूने एक जाळी लावलेली होती. हिरवी, डासांची. चारी कोपरे चिकटपट्टीने नीट चिकटवलेले, कडा सरळ कापलेल्या, कारण नवऱ्याला वाकडं कापलेलं चालत नाही. त्यातल्या एका कोपऱ्याची पट्टी सुटली होती. अक्षता आणि पाकळ्यांच्या वजनाने जाळी झोळीसारखी लोंबून खालच्या पंख्याला लागली होती. करकर तिचीच.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि खिडकीची जाळी पाहिली. तीच. परत येऊन खुर्चीवर बसले. ज्या आठवड्यात माझा अंक गेला होता त्या आठवड्यातल्या रविवारी माझ्या नवऱ्याने आत काय आहे ते पाहिलं होतं, कशाने बंद पडतं ते त्याला कळलं होतं, त्यावर उपायही त्याने शोधला होता. खिडकीचं माप घेताना बहुधा या डब्याचंही घेतलं असेल. मग हात धुऊन तो जेवायला बसला. बाबा हातगुणाचं बोलले, आणि याने पुरणपोळीवर तूप मागितलं.

मला रडू आलं नाही. मी जाळी काढून एका ताटलीत ठेवली. ब्रशने, कापसाने, दाढीच्या जुन्या कुंचल्याने सगळं साफ केलं. पंख्याचं पातं बोटाने फिरवून पाहिलं, ते हलकं फिरलं. पत्रा लावला, स्विच दाबला. तो आला. फाइल उघडली. शिक्षकांच्या आईचं अर्धं वाक्य तसंच होतं, एक ओळही गेली नव्हती. मी ते वाक्य पुरं केलं, मग पान, मग प्रकरण. संध्याकाळपर्यंत तो एकदाही बंद पडला नाही. एवढी वर्षं मी याच सुखाला मुकले होते, आणि ते इतकं साधं होतं, नुसतं न थांबता टाइप करत राहणं.

नवरा आला. मी चहाच्या कपाशेजारी ती ताटली ठेवली. त्याने पाहिलं आणि पहिला प्रश्न काय विचारावा?

"कॉम्प्युटर तू उघडलास?"

मी विचारलं, ही जाळी तुम्ही लावलीत ना. त्याने नाही म्हटलं नाही, हेही खरं सांगायला हवं.  मग म्हणाला की बाबांना काय सांगायचं होतं, तुमच्या पूजेने वाटोळं झालं म्हणून? आई गेल्यापासून त्यांना तेवढीच एक गोष्ट उरलीय. त्यांच्या मनाला लागलं असतं.

"आणि माझ्या मनाला?" मी विचारलं.

"तू घेतेस समजून," तो म्हणाला.

हे त्याने कौतुकाने म्हटलं. त्याच्या डोळ्यांत खरंच कौतुक होतं. मला तोवर नुसता राग आला होता. त्या वाक्याने मात्र आत काहीतरी थंड पडलं. म्हणजे त्याने दोन माणसं तराजूत घातली होती आणि जे समजून घेईल त्याच्या माथी खापर फोडलं होतं. मी समजूतदार नसते, भांडकुदळ असते, भांडी आपटणारी असते, तर कदाचित एवढी वर्षं माझा हात चांगलाच राहिला असता.

मी त्याला अंकाचं विचारलं. प्रकाशक पिशवी भरत होते तेव्हा तुम्ही तिथेच होतात, तेव्हा तरी बोलायचं. तो म्हणाला, तेव्हा नक्की कुठे माहीत होतं, रविवारी उघडल्यावर कळलं. मग सोमवारी फोन करून सांगायचं होतं त्यांना, दुरुस्त झालाय म्हणून.  तो कपबशी घेऊन मोरीकडे गेला. लग्नानंतर स्वतःची कपबशी त्याने विसळल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा घोटीहून परतले आणि त्याच्या पुढच्या सकाळी पूजेला बसले. नवरा कामावर गेला होता. देवांचं आटोपून त्यांनी चिमटीत अक्षता घेतल्या आणि हात कॉम्प्युटरकडे नेला. मी पुढे होऊन म्हटलं, बाबा, यावर टाकू नका. आत पडतात, पंखा अडतो, म्हणून बंद पडतो. आणि ताटली त्यांच्यापुढे धरली.

मला वाटलं होतं चिडतील. निदान गप्प होऊन दोन दिवस जेवणार नाहीत. नवऱ्याने मला इतकी वर्षं याच भीतीत ठेवलं होतं, किंवा स्वतः राहिला होता. बाबांनी चष्मा लावला. एक दाणा उचलून बोटांत चुरडला. जाळी उलटीपालटी केली, तिच्या सरळ कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. ती कुणी कापली हे त्यांना विचारावं लागलं नाही.

"मग सांगायचं ना मला," ते म्हणाले. "लांबून हात जोडले असते. देवाला लांबूनही पोचतं."

एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी. लांबून हात जोडले असते. मला वाटलं हे इथेच संपलं, पण बाबा उठले नाहीत. ताम्हनात अक्षता परत ठेवत, माझ्याकडे न बघता ते बोलायला लागले. म्हणाले, लेथ असता तर मीच उघडून बघितला असता. यातलं मला कळत नाही म्हणून त्याला विचारलं होतं.

मी विचारलं, काय विचारलं होतं.

"त्याने पहिल्यांदा उघडला ना, तेव्हाच विचारलं. म्हटलं, माझ्या अक्षता आत जात नाहीत ना रे? तर म्हणाला, छे, बाबा. ती फार वेळ चालवते म्हणून तापतो."

पहिल्यांदा उघडला तेव्हा. म्हणजे जाळीच्याही आधी, अंकाच्याही आधी, लोणच्याच्या, दह्याच्या, हातगुणाच्याही आधी. मी इतका वेळ समजत होते की तो गप्प बसला. गप्प बसणाऱ्याला माफ करायची मला सवय आहे, आमच्या घरात पुरुष गप्पच बसतात. पण तो गप्प बसला नव्हता. त्याला सरळ विचारलं गेलं होतं आणि त्याने माझं नाव सांगितलं होतं. बाबांनी त्या उत्तरावर हातगुणाचा मुलामा चढवला, कारण सुनेला जास्त वापरतेस म्हणून टोकण्यापेक्षा नशिबावर ढकलणं त्यांना बरं वाटलं असेल. मूळ मात्र नवऱ्याच्या तोंडातलं.

बाबा उठताना म्हणाले की यंदा लोणच्याचं तूच बघ. माफी मागायची त्यांची ती पद्धत. मी हो म्हटलं. कैऱ्यांना अजून अर्धं वर्ष होतं.

नवऱ्याला मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, मला आठवतही नाही मी असं म्हणाल्याचं. तेही खरं असेल. त्याला त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय होतं? मी प्रकाशकांना फोन करायला घेतला आणि ठेवून दिला. काय सांगणार त्यांना, माझा हात चांगला आहे म्हणून?

आत्मचरित्राचं पुस्तक पुरं झालं. बाबा आता रोज देव्हाऱ्यासमोरून जरा मागे सरकून कॉम्प्युटरला हात जोडतात. फूल ठेवलं तर टेबलाच्या कडेला ठेवतात. घरात कुणी हातगुणाचं नाव काढत नाही, आणि मीही ताटलीचं नाव काढत नाही. बाहेरून बघणाऱ्याला सगळं पूर्वीसारखंच दिसेल.

परवाच्या रविवारी सकाळी नवरा कॉम्प्युटरवर लाइट बिल भरत बसला होता. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. मी ओट्याशी कणीक मळत होते. आमच्या ओट्यावरून हॉल सगळा दिसतो. यंत्र जुनं आहे, पूजा थांबली म्हणून काही तरुण झालं नाही, बंद पडायला त्याच्याकडे स्वतःचीही कारणं आहेत. पडदा एकदम काळा झाला. नवऱ्याने बटण दाबलं, परत दाबलं, माझी पद्धत त्याला कुठली माहीत असायला.

पेपर खाली न घेता बाबांनी विचारलं, "काय झालं रे?"

"काही नाही बाबा," तो म्हणाला. "लाइट गेली."

हॉलमधली ट्यूब चालू होती. बाबांनी पेपर खाली घेतला आणि मान वर करून पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. मग त्यांनी दारातून माझ्याकडे पाहिलं, आणि पेपर परत वर घेतला.

"अगं, जरा येतेस का?" नवऱ्याने हाक मारली. "तुला जमतं ते चालू करायला."

मी कणकेचा गोळा उलटला, हाताला थोडं तेल घेतलं आणि मळत राहिले.